माझ्या जागी तू बाहेर बसलीस

माय, आज आमच्या घरात सकाळपासून शिरा खाणं चाललंय. माझी नात शहाणी झाली. आता तसं कोणी म्हणत न्हाई, आता 'पाळी सुरू झाली' म्हणतात, ते पण जेवताना, बापासमोर, आणि बाप 'अरे वा' म्हणून शिऱ्यावर आणखी तूप ओढून घेतो. मला इतका आनंद झाला की मी तिचे दोन्ही गाल धरून ओढले, तर म्हणते, "आजी, दुखून राह्यलं." मंग तिनं शाळेचं पुस्तक आणून दाखवलं. बाईच्या पोटाचं रंगीत चित्र, बाण काढून शेजारी नावं. मी बोट ठेवत ठेवत सगळं वाचलं. डोक्यात म्हणे वाटाण्याएवढी गाठ असती, तिचा हुकूम सुटला की पोर उंच व्हायला लागती, तोंडावर पुटकुळ्या येतात, उगीच राग येतो, उगीच रडू येतं, आणि मंग एक दिवस ते येतं. एवढा कारखाना मी जन्मभर अंगात घेऊन हिंडले आणि कळलं आता, गुडघे गेल्यावर. खूप हसले. दुपारी सगळे आडवे झाले तशी तू आठवलीस आणि हसू कुठं गेलं कळलं न्हाई. चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहितेय. तुला तर तेवढंही वाचता येत न्हवतं, तरी लिहितेय.

त्या गाठीचा हुकूम मला सुटला तेव्हा माझं लग्न होऊन गेल्तं. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं, ज्याला त्याला पोरी उजवायची जल्दी. मी तर मांडवातच झोपी गेल्ते, मला काकीनं उचलून बोहल्यावर उभी केली. ठराव असा होता की न्हाण येईपर्यंत पोर माहेरी. न्हाण आलं की साखर पाठवून कळवायचं, मंग सासरची माणसं गाडी घेऊन न्यायला येणार. सासर पार घनसावंगीच्या पलीकडं, गोदाकाठी. कुठं ते आणि कुठं आपलं पिंपळगाव. तू म्हणायचीस, "उसाच्या गावाला दिली पोर, आता तोंड दिसायचं न्हाई." तुला असंच लांबून आणलेलं आणि तुझी माय तुला पुन्हा दिसलीच न्हवती. हे तू कधी रडून सांगितलं न्हाईस. भाकरी थापता थापता सांगायचीस, जसं काही दुसऱ्याच कुणाचं. पण दर सणाला माझ्या परकराची दुमड गुपचूप उसवून खाली सोडायचीस, आणि आत्याबाईनं वर पाहिलं की म्हणायचीस, "कापडच आकसतंय मेलं."

आत्याबाईबद्दल मी वाईट लिहिणार न्हाई. दादांची थोरली बहीण, लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं. तिच्या न्हाणाची साखर कुणाला पाठवायचीच न्हवती. तिच्या हाती घरातलं सोवळंओवळं तेवढं होतं, ते तिनं घट्ट धरलं. कोण बाहेर बसली, कोण न्हाली, कोण चुलीपाशी जाऊ शकती, सगळा हिशोब तिच्या तोंडपाठ.

मुगाच्या शेंगा तोडायचे दिवस होते. मी तुझ्या पुढच्या ओळीत. तू एकदम माझ्या दंडाला धरलं आणि बाभळीच्या आडोशाला नेलं. मी परकर पाहिला आणि भोकाडच पसरलं. मला वाटलं, आतून काहीतरी फाटलं, आता मी मरते.

"गप. मरत न्हाईस. सगळ्या बायांना होतंय."

"तुला पण?"

"मला पण."

"आत्याबाईला?"

"होत व्हतं की. ती काय आभाळातून पडली?"

मला रडता रडता हसू आलं. तू पण हसलीस, आणि हसता हसताच तुझं तोंड बदललं. तू डोक्याचं फडकं काढलं, फाडलं, कसं बांधायचं ते दाखवलं. मंग माझी हनुवटी धरून म्हणालीस, "हे कुणाला बोलायचं न्हाई. बाहेर मी बसते. तू नेहमीसारखी घरात राह्य."

तेव्हा मला नीट कळलं न्हाई, पण तू केवढं काम केलंस ते आता उमगतं. घरी येऊन तूच आत्याबाईला सांगितलंस की तुला कावळा शिवला, आणि गोठ्याच्या पडवीत पोतं टाकून बसलीस. माझ्या फडक्यांना तुझं नाव. गोठ्यामागच्या कुंपणावर ती वाळायची, सगळ्यांना वाटायचं तुझी. आणि मी, जिला शिवायचं न्हाई ती मी, आडातून पाणी आणते, चूल पेटवते, भाकरी करते, आणि तुला विटाळ लागू नये, आपलं तुझा विटाळ मला लागू नये म्हणून तुझ्या ओंजळीत वरून पाणी ओतते. आत्याबाई ओट्यावरून ओरडायची, "पोरी, पदर सांभाळ, शिवशील तिला." तू ओंजळीत तोंड घालून हसायचीस, खांदे हलायचे तुझे. ते हलणारे खांदे मला तुझ्या चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतात.

पुढच्या खेपेला नेमके घट बसलेले. माळ घालायचं काम घरच्या लेकीचं, म्हणजे माझं. मी पडवीत आले आणि कुजबुजले, "माय, देवीला कसं शिवू?" मंग म्हणालीस, "घाल माळ. रेणुकाईला मी सांगते." मी झेंडूची माळ घटावर सोडली. काही झालं न्हाई. दिवा पण हलला न्हाई. पडवीत मात्र तू डोळे मिटून ओठ हलवत बसली होतीस आणि त्या दिवशी हसली न्हाईस.

मंग तर मजाच झाली. तुझं तुझं यायचं ते पण आलं, आणि माझं पण. महिन्यातून दोनदा तू बाहेर. शेजारणी टोमणे मारायच्या, "बरं आहे बाई, कामाच्या वक्ताला बराबर बसायला मिळतं." आत्याबाईला खरीच काळजी. "तुला काही बाधलंय," म्हणून तिनं कसल्या कसल्या साली उकळून काढा केला, कडूजहर, आणि समोर उभी राहून पाजायची. तू गटागटा प्यायचीस आणि वाटीआडून माझ्याकडं बघून डोळे वटारायचीस, 'बघ तुझ्यापायी'. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढे महिने सुखाचे.

आणि मोडलं कशानं, तर तुझ्याच पोटानं. शिमग्यानंतर तुला ओकाऱ्या सुरू झाल्या. तू लपवायचीस. पण बाकीच्यांचे डोळे चुकवले तरी आत्याबाईचे कसे चुकतील? एका सकाळी तू आडापाशी ओकून उठलीस, ती मागं उभी.

"दिवस गेलेत का तुला?"

तू पदरानं तोंड पुसलंस.

"मंग कुंपणावर वाळून राह्यलं ते कोणाचं?"

तू माझ्याकडं पाहिलं न्हाईस, म्हणूनच तिला कळलं. तिनं आवाज चढवला न्हाई. नुसती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "अगं, घटाला माळ घातली हिनं." तेवढंच. त्याच आठवड्यात साखर गेली. गाडी आली तेव्हा तू माझी ओटी भरलीस, तांदूळ सांडत होते, सांडूनच राह्यले होते. तू म्हणालीस, "दिवाळीला आणते तुला."

सासरी उसाच्या पाचटानं हात कापायचे, ते जाऊ दे. दिवाळीची वाट पाहिली. चुलते न्यायला आले, मी लुगडं नेसून तयार, पळतच पुढं गेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लेकीला न्यायला आलेला मुऱ्हाळी कधी रडत न्हाई, तसे रडले. बाळंतपणात गेलीस. बाळ पण गेलं. मी पोचेपर्यंत राख सुद्धा सावडून झालेली. आत्याबाई कोपऱ्यात पडून होती. मला जवळ ओढलं, न न्हाताच, शिवाशिव विसरून, आणि म्हणाली, "मी न्हाई म्हणत गं. जाताना तीच म्हणत व्हती. रेणुकाई, माळ मी घालायला लावली, जे घ्यायचं ते माझं घे, पोरीला हात लावू नको."

मी नातीच्या पुस्तकात पान न् पान पाहिलं. कुठंच लिहिलं न्हाई की पाळीत देवीला शिवल्यानं बाई मरती. उलट लिहिलंय, हे स्वच्छ आहे, निरोगी आहे, लाजू नका. सून म्हणते, तुमच्या आईला तेव्हा दवाखाना असता तर वाचल्या असत्या. मला पटतं. पण माझं पटून काय करू? तुला पटायला हवं होतं. ते भय घेऊन तू गेलीस, आणि आता ते तुझ्यापासून कोणी काढून घेऊ शकत न्हाई, मी न्हाई, पुस्तक न्हाई, रेणुकाई पण न्हाई. माझे सगळे केस पांढरे झाले, तू तिथंच आहेस, तीस पण पुरी न झालेली, हात जोडून. हा कागद घालायची पेटी कुठल्या गावात न्हाई, मी जाणते.

मघाशी नातीनं विचारलं, "आजी, तुझ्या वेळी तुझ्या आईनं काय केलं?" मी तिला पडवी सांगितली, ओंजळ सांगितली, काढा सांगितला. पोट धरधरून हसली. "मंग पुढं?" म्हणाली. मी म्हणाले, "पुढं काय. मला नेहमी दिवाळीला आणायची. तुझ्या बापाला मांडीवर खेळवलं तिनं. म्हातारी होऊन गेली." तिला बरं वाटलं, उठून गेली. पोरीच्या मनात भलतं बसू नये म्हणून बोलले, असं मी सुनेला सांगितलं. ते खरं न्हाई, माय. मला एकदा ते माझ्या तोंडानं ऐकायचं होतं.