दोन हूक आणि आक्काची सायकल

मी, वृषभ बाहुबली मगदूम, वय बावन्न, धंदा वर्तमानपत्रातून दर रविवारी लोकांना टोचणे, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दारू मी पीत नाही, तंबाखू डॉक्टरांनी सोडवली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. जे होते ते छातीत होते आणि तिथे आता दोन स्टेंट बसले आहेत. राग मात्र आहे, भरपूर आहे. रागात केलेले मृत्युपत्र चालत नाही असे कोणी म्हणाल्यास त्याने वकिलाला विचारावे. मी विचारले आहे. चालते.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. ऑगस्टमध्ये झटका येण्याआधी केले असते तर कलम चार लिहावे लागले नसते.

कलम एक. मी मेल्यावर चौकात फ्लेक्स लावू नये. लावणाऱ्यांची नावे मेलेल्याच्या नावापेक्षा मोठी असतात, हे मी एकवीस वर्षे लिहीत आलो आणि एकवीस वर्षे तेच लोक माझा लेख वाचून हसून फ्लेक्स लावत आले. माझा गॉगल घातलेला फोटो अस्तित्वात नाही, तो कॉम्प्युटरवर तयार करू नये. ‘हसतमुख व्यक्तिमत्त्व’ असे छापल्यास ते खोटे आहे याला ही संपूर्ण गल्ली साक्षीदार आहे.

कलम दोन. शिवाजी पेठेतली माझी दोन खोल्यांची जागा, गच्चीच्या हक्कासह, माझी थोरली बहीण सौ. भाग्यश्री, हल्ली मुक्काम कागल, हिला मिळावी. तिच्या एकटीच्या नावे. दाजींनी चहाला यावे, स्वागत आहे.

कारण लिहितो. दोन वर्षांपूर्वी अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले. महिन्याभरात हक्कसोडपत्राचा कागद तयार झाला. धाकटा भाऊ सम्मेद म्हणाला, “आक्का, नुसती फॉर्म्यालिटी हाय गं.” आक्काने चष्मासुद्धा लावला नाही, सही केली. तिला साडी मिळाली. आम्हा दोघा भावांना अण्णांचे घर मिळाले. साक्षीदार मी गोळा केले होते. त्याच रविवारी माझा लेख होता, ‘बहिणीचा हिस्सा’. फार गाजला. कागलहून आक्काचा फोन आला, “चांगलं लिवलाईस.” एवढेच. टोमणा मारला असता तर बरे झाले असते.

कलम तीन. बँकेत जे काही असेल त्यातून आधी दवाखान्याचे भागवावे, उरल्यास पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावे. अट एकच, माझ्या नावाची पाटी लावू नये आणि कपाटाला कुलूप लावू नये.

कलम चार. सम्मेद बाहुबली मगदूम, माझा सख्खा धाकटा भाऊ, यास मी पुढील दोन गोष्टी देतो. पहिली, माझ्या सदराच्या कात्रणांच्या सर्व फायली. दुसरी, लाल फडक्यात गुंडाळलेले लोखंडी हूक, नग दोन.

हूक कसले, ते वाचणाऱ्याला कळावे. अण्णांचे घर रिकामे करताना माळ्यावर, धान्याच्या कणग्यांमागे, साखळी-कुलपात एक सायकल सापडली. मोठ्या जाड टायरची, डोंगरात चालवायची. क्रोमोली पोलादाची, म्हणजे पत्रा पातळ, वजन कमी, ताकद जास्त. गिअर अठरा, त्यांतले सतरा गंजलेले. सम्मेद म्हणाला, भंगारात टाकू. मी ती घरी आणली आणि दोन वर्षे तिच्यावर काम केले. सीटची ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत अशी जाम झाली होती की मी आणि पिराजी मिस्त्रीने महिनाभर तेल पाजले, शेवटी कॉस्टिक सोडा ओतून ती विरघळवली. मागच्या चिमट्याची फट एकशेतीस मिलिमीटर, आजच्या चाकाला लागते एकशेपस्तीस. पिराजीने आट्यांचा गज घालून, नट रोज अर्धा फेरा फिरवत, आठवड्यात ती पाच मिलिमीटर उघडली. रोज सकाळी दोरा लावून दोन्ही बाजू मोजायचा. “घाई केली तर रुसंल,” म्हणायचा. असे काम.

आणि चौदा ऑगस्टला मी आडवा झालो. नऊ दिवस दवाखान्यात. घराची किल्ली सम्मेदकडे.

सम्मेदचे कागलजवळ हायवेला हॉटेल आहे. तिथे ‘व्हिंटेज कोपरा’ आहे. भिंतीला जाते, कंदील, बैलगाडीचे चाक. ज्या माणसाने आईचे जाते तिच्या हयातीत अंगणात फेकले त्यानेच ते आता दिवे सोडून टांगले आहे, त्याखाली पोरे फोटो काढतात आणि पांढरा रस्सा मागवतात. या कोपऱ्यात त्याला माझी सायकल टांगायची होती. टांगायला हूक लागतात. आमच्या कोल्हापुरात लोखंड दिसले की माणसाला वेल्डिंग सुचते. उसाच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या कारखान्यात नेऊन त्याने वरच्या नळीवर, ट्रॉलीला लावतात तसले दोन हूक, आर्क वेल्डिंगने ठोकून घेतले. नळीची जाडी मिलिमीटरच्या आतली. दोन ठिकाणी भोके पडली. एका भोकातून पेन्सिल जात होती.

दवाखान्यातून आल्यावर मी फ्रेम पाहिली. सम्मेद समोर सफरचंदे घेऊन उभा.

“दादा, धूळ खात पडलीती. म्हटलं जरा फेमस करूया.”

“कुणाला विचारलंस?”

“तू आयसीयूत हुतास की.”

पिराजीला बोलावले. त्याने नळीवर नखाने टिचकी मारली, कान लावला आणि सम्मेदकडे बघून विचारले, “पावणं, ह्यो पाईप हाय का पापड?”

हूक कापून काढले. उद्यमनगरातल्या एका जुन्या कारागिराने पितळी जोड देऊन नळीला ठिगळ लावले. ते पिवळे ठिगळ आम्ही रंगाखाली लपवलेले नाही. सम्मेदने माझ्या पश्चात हे हूक आपल्या व्हिंटेज कोपऱ्यात टांगावेत, खाली पाटी लावावी, ‘बंधुप्रेम, २०२५’. फायली वाचल्या नाहीत तरी चालेल. त्याने आजवर वाचल्या असत्या तर त्याला कळले असते की त्यातले अर्धे लेख त्याच्यावर आहेत.

कलम पाच. माझी सर्व हत्यारे, स्टँड, पाने, चेन तोडायचे हत्यार, चाकाचे आरे ताणायची चावी, हे पिराजी कुंभार यांना मिळावे. त्यांनी माझ्याकडून मजुरी घेतली, पण सल्ला कधी मागितला नाही. असा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटलेला नाही.

कलम सहा. सायकल.

सायकल आक्काला मिळावी. इथपर्यंत सम्मेदवर बरेच लिहिले. आता माझ्यावर.

ही सायकल आक्कानेच १९९२ साली आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत पहिल्या नंबराचे बक्षीस म्हणून मिळवली. ती बावीस वर्षांची, मी एकोणीस. मी ती तीनदा मागितली, तिन्ही वेळा “तुझं पाय पुरत न्हाईत” म्हणाली. पुरत नव्हतेही. ते जास्त लागले.

ती घरी वाचनालयात जाते म्हणून सांगायची आणि जोतिबाच्या घाटाला जायची. आम्ही जैन, आमच्याकडे दिवस बुडाला की स्वयंपाकघर बंद, मग पाणीसुद्धा मोजून. एकदा तिचे चाक पंक्चर झाले आणि ती अंधार पडल्यावर आली. आम्ही जेवून हात धुतले होते. अण्णांनी विचारले, कुठे होतीस? ती म्हणाली, वाचनालयात, वाचत बसले होते. मी दारात उभा राहून म्हणालो, “वाचनालयात लाल माती कवाधरनं आली गं? चाक तर जोतिबानं कुंकू लावल्यागत दिसतंय.”

आई हसली. शेजारची तानाबाई हसली. सम्मेद लहान होता, तोही हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी उठून साखळी आणली.

तो माझा पहिला विनोद. त्यावर मी पुढे पोट भरले. आक्का त्या रात्री उपाशी झोपली, कारण आमच्या घरात दिवस बुडाल्यावर कोणालाच ताट मिळत नव्हते. पंधरा दिवसांत तिला कागलचे स्थळ आले, पावसाळ्याआधी लग्न झाले. एकवीस वर्षे मी चुगलखोरांवर, ढोंग्यांवर, दुसऱ्याच्या पायात पाय घालणाऱ्यांवर लिहितो. लोक विचारतात, इतकी माणसे बारकाईने कशी दिसतात? आरशाला पैसे पडत नाहीत, असे मी त्यांना कधी सांगितले नाही.

सायकल माळ्यावरून काढली तेव्हाच आक्काला फोन करता आला असता. केला नाही. आधी रंग होऊ दे म्हटले. मग पुढे तीन चक्रांऐवजी एकच तीस दात्यांचे, मागे बेचाळीस दात्यांपर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षांच्या गुडघ्यांना घाट चढता यावा. मग जुने ब्रेक काढून नवे, हलक्या हाताने लागणारे. मग रुंद हँडल. हँडल दोनदा बदलले. पिराजी म्हणाला, “मालक, सायकल दिवाळीलाच झालीया. तुम्हीच हून दीना.” गेल्या वर्षीच्या दिवाळीबद्दल बोलत होता. खरे होते. सायकल पूर्ण झाली असती तर आक्कासमोर उभे राहावे लागले असते. मेल्यावर उभे राहावे लागत नाही, म्हणून मृत्युपत्र. हेही लिहून ठेवतो, कारण भ्याडपणाची नोंद कुठेतरी असावी.

अटी: सायकल विकू नये. टांगू नये. पूजा करू नये. सम्मेदने हात लावू नये.

दुरुस्ती. आज रोजी, सह्यांच्या आधी.

वरील मजकूर काल पूर्ण केला आणि हत्यारांची यादी तपासायला पिराजीला वाचून दाखवला. पिराजीने ऐकून घेतले, मान हलवली, घरी गेला आणि कागलला फोन केला. तेहतीस वर्षांनंतर कोणीतरी माझी चुगली केली.

आज दुपारी बारा वाजता आक्का एसटीने आली. पायात सुनेचे बूट. कोपऱ्यातल्या सायकलीकडे बघितलेही नाही. आधी कागद मागितला, या वेळी चष्मा लावून वाचला. डॉ. संयोगिता आणि शेजारचे उदयसिंह साक्षीसाठी येऊन बसले होते, त्यांच्यासमोर वाचला. कलम सहाला थांबली.

“मेल्यावर देणार व्हय?”

मी कागद परत घ्यायला गेलो, तिने सोडला नाही.

“तवर मी काय करू? गुडघं माझं आत्ता चालत्यात वृषभ. तू आणि पंचवीस वर्सं जगलास तर? स्टेंट लई टिकत्यात म्हणं.”

डॉक्टर म्हणाल्या, “टिकतात.”

“बघ. मग ऐंशीव्या वर्सी मी घाट चढू? का भूत हून जाऊ जोतिबाला?”

मी म्हणालो, आक्का, घेऊन जा. आत्ता देतो.

तेव्हा ती खरी तापली. “देतो? तू कोण देणारा? शर्यत तू मारलीस?” तिने सायकल उलटी केली. एकतीस वर्षे माळ्यावर पडलेली, दोन वर्षे आम्ही घासलेली सायकल एका हिसक्यात उलटी. पेडलच्या धुऱ्याखाली, कंपासच्या टोकाने ओरखडलेली अक्षरे आहेत: भा. बा. म. रंग देताना मी ती वाचवली होती. “ह्ये काय लिवलंय? वाच साक्षीदारांला. घराची सही मी दिलीती. सायकलीची दिलीती?”

उदयसिंह कधी कोणाच्या भांडणात पडत नाहीत. ते म्हणाले, “न्हाय ताई. कागदात सायकल न्हवती.”

मग तिने ठिगळावर अंगठा फिरवला. विचारले, ह्ये कुणी केलं? मी सांगितले. म्हणाली, “सम्मेदचं हूक दिसलं तरी. तुझं दिसलं न्हाईत.”

 

ती दार ओलांडत असताना मी विचारले, माफ केलंस का ते तरी सांग.

सायकल खांद्यावर पेलून ती दोन पायऱ्या उतरली आणि मागे न बघता म्हणाली, “ते मी माझ्या मृत्युपत्रात लिवून ठिवीन. तवर जगून दाखव. आज नुसती पायथ्यापर्यंत जाऊन येतो. घाट उद्या.”

गल्लीत पिराजी हवा भरायचा पंप घेऊन उभाच होता.

सबब, कलम सहा रद्द. सदर सायकल माझ्या मालकीची नाही, कधीही नव्हती. जे माझे नाही ते मला कोणाला देता येत नाही. कलम दोन कायम. ते वाचून आक्का काही बोललेली नाही, म्हणून ते माझ्या मरणाची वाट न बघता उद्या तिच्यासमोर पुन्हा ठेवीन. बाकीची कलमे कायम. हूक सम्मेदलाच.

साक्षीदारांचा खोळंबा झाला, त्याबद्दल दिलगीर. आक्का परत आल्याशिवाय सही करायची नाही असे मी ठरवले होते. डॉक्टरांनी घड्याळ दाखवले. मी सही करत आहे.

लिहून देणार: वृषभ बाहुबली मगदूम

साक्षीदार:
१) डॉ. संयोगिता इंगवले. लिहून देणाऱ्याची प्रकृती तपासली. शुद्धीवर आहे, रक्तदाब थोडा जास्त.
२) उदयसिंह सरनोबत, शेजारी. सर्व काही माझ्यासमोर घडले. गल्लीतही ऐकू गेले.

ठिकाण: शिवाजी पेठ, कोल्हापूर.
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार. वेळ: सायंकाळी सव्वासहा. दिवस बुडाला आहे. आक्का अजून आलेली नाही. ताट वाढून ठेवले आहे. जेवायचे की नाही ते ती ठरवेल.