नाही म्हणायला लागलेला उशीर

मस्तगड, जालना
शुक्रवार

आदरणीय सत्यशीला आत्याबाईंना,

भारतचा सविनय जय भीम. तुमचे गुडघे आणि मामांचा खोकला यांची एकमेकांशी चढाओढ थांबली असेल अशी आशा करतो. मी खुशाल आहे. मला काहीही नको आहे, नुसती खुशाली कळवतो.

बियाण्याच्या कंपनीत मी वाणांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर लिहितो (भाचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो असं तुम्ही परतूरभर सांगून ठेवलंय, असू द्या). त्या नोंदींना मी आठ अक्षरी पासवर्डचं कुलूप घातलं. कुलूप एकेक अक्षर जुळवून बघायचं आणि पहिलं चुकीचं अक्षर दिसलं की तिथंच नाही म्हणून मोकळं व्हायचं. (यात यंत्राचे कष्ट वाचत होते. दुसऱ्याच्या कष्टांबद्दल मी फार हळवा आहे.) म्हणजे जेवढी अक्षरं बरोबर, तेवढा ‘नाही’ यायला उशीर. डोळ्याला न कळणारा उशीर, पण हजारदा विचारून सरासरी काढली की कळतो. तो दीपमालाला कळला. आमच्या चुका शोधणं हेच तिचं काम आहे.

मंगळवारी दुपारी ती मोजत बसली. खिडकीबाहेर लिंबाची सावली हलत होती, पंखा पेंगत होता, आणि शेजारच्या टेबलावरून मी तिला वहीत एकेक अक्षर लिहिताना बघत होतो. थांबा म्हणायचं होतं, पण स्वप्नात पळताना पाय उचलत नाहीत तसा आवाजच निघेना. कारण आत्याबाई, तो पासवर्ड म्हणजे तिचंच नाव होतं. चार अक्षरांत ‘दीप’ झालं (कंपनीत अक्षरं इंग्रजी चालतात). तिनं पेन ठेवलं, बाहेर पाहिलं, आणि मग उरलेली चारही अक्षरं मोजून काढली. मी म्हणालो, पुढचं अंदाजानं टाकलं असतं तरी चाललं असतं. मान वर न करता ती म्हणाली, "अशा गोष्टीत अंदाज न्हाई करायचा. बराबर मोजून घ्यायचं."

त्या वाक्यावर मी तीन दिवस तरंगतो आहे. काल भाजीत मीठ नव्हतं म्हणे. मी दोनदा घेतली. कुलूप दुरुस्त केलं. आता ते चूक दिसली तरी शेवटच्या अक्षरापर्यंत जातं आणि दर वेळी सारखाच वेळ घेऊन बोलतं. पण तीही तशीच झाली आहे. चहाला हो आणि नाही एकाच संथपणे सांगते, मला काही थांग लागत नाही. मला ती फार आवडते, आत्याबाई. नाही म्हणाली तर मला त्या टेबलाशी पुन्हा बसवणार नाही.

तुमचा भाचा,
भारत

ता. क. काहीही नको असं वर लिहिलं ते खोटं आहे. पुढच्या रविवारी मामांना घेऊन या आणि दीपमालाच्या आईकडे, द्वारकाबाईंकडे, माझ्यासाठी मागणी घाला.

आणखी एक ता. क. धीर करून हे पत्र दीपमालाला तपासायला दिलं. तिनं अगदी शेवटपर्यंत वाचलं. एकच दुरुस्ती सांगितली, रविवारऐवजी शनिवारी या. रविवारी तिची आई घरी नसते.