बांधावरचा तांदुळजा

फुकुशिमा, जपान
५ जुलै २०२४

ती. रा. दादांस,
लक्ष्मीचा सा. न. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. सुनेला, उर्वीला, सातवा लागला. पोर बरी आहे, पण तोंडाला चव नाही. बाळंतपण होईतो मी इथेच.

माझा आलोक ज्या फुटलेल्या अणुभट्टीच्या साफसफाईला आहे, ती डोंगरापलीकडे. आमच्या अंगणातली माती सरकारनं खरवडून नेली, मागची तशीच आहे. तिकडे पाऊल टाकायचं नाही, नुसतं खिडकीतून बघायचं. पोरानं हौसेनं घर विकत घेतलं, आता ते कुणी घेईना. मागच्या पडीक वावराच्या बांधावर तांदुळजा मात्र असा माजलाय, अगदी आपल्याकडच्यासारखा.

बहिणीची आठवण ठेवा.
लक्ष्मी

मुरुड
२० जुलै

चि. सौ. लक्ष्मीस,
अनेक आशीर्वाद. तांदुळजा दिसला आणि तू नुसती बघत बसलीस, हे काही मला खरं वाटत नाही. शाळेतून येताना परकराच्या ओच्यात भाजी आणणारी तू. एवढं हिरवं उगवतं ती माती वाईट कशी असेल? डोहाळकरणीला भाकरीसोबत खाऊ घाल, तोंडाला चव येईल.

म्हाताऱ्या भावावर माया असू दे.
श्रीमंत

१० ऑगस्ट

ती. रा. दादांस,
सा. न. वि. वि. तुमचं ऐकलं. आलोक कामावर गेल्यावर कुंपण ओलांडलं. लसूण-मिरची घालून भाजी केली, उर्वीनं दोन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी आलोकनं उरलेल्या जुड्या पाहिल्या आणि तपासायला नेल्या. किरणोत्सर्ग मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. एका जेवणानं काही होत नाही, असं डॉक्टर म्हणतात. माझा जीव काही थाऱ्यावर येत नाही. दादा, तुमचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त.

काल उर्वीची माफी मागायला गेले, तर तीच रडायला लागली. म्हणाली, पहिल्याच घासाला तिला कळलं होतं, कारण ही भाजी इथे दुकानात मिळतच नाही. वर्षभर खिडकीतून बघत होती, मग राहवलं नाही. आलोकला सांगू नका म्हणाली. मी नाही सांगितलं.

आलोकनं त्या खिडकीला जाड पडदा लावलाय. तो गेला की आम्ही दोघी पडदा सारून उभ्या राहतो. मी तर येईन परत मुरुडला. उर्वी लेकराला कडेवर घेऊन तिथेच उभी राहील, आणि ते हिरव्याकडे हात करील.

आमच्यावर लोभ असू द्या.
तुमची,
लक्ष्मी