नियम नऊ (क)

शनिवार, १२ सप्टेंबर १९९८
आज पुन्हा हरलो. सलग सातवा शनिवार. आणि कोणाकडून, तर तळमजल्यावरचा अभिराम आणि एस.टी.तून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले किसनराव. किसनराव पॉइंट बोटांवर मोजतात. अशा लोकांकडून हरतो याचा अर्थ दोष आपल्या खेळात नाही. दोष सिस्टिममध्ये आहे.
अब्दुर्रहमानभाईंना तसं म्हटलं. ते म्हणाले, "भाऊ, माझा राजा टाकायचा राहिला, म्हणून हरलो." साधा माणूस. अकरा वर्षं माझे ब्रिज-पार्टनर आहेत, पण थिअरीचं अंग नाही.
निश्चय: उद्यापासून बिडिंगचा शास्त्रशुद्ध अभ्यास.

रविवार, १३ सप्टेंबर
अभ्यास सुरू करणार तोच बायकोला प्रश्न पडला. मीनाने विचारलं, हे बिडिंग म्हणजे असतं तरी काय. समजावलं. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं पार्टनर. आपले पत्ते दाखवायचे नाहीत, खुणा करायच्या नाहीत. 'एक किलवर', 'दोन बदाम' अशा बोलीतूनच आपल्या हातात काय आहे ते समोरच्याला कळवायचं. एक्का चार पॉइंट, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक; आणि बाकीचे तिघं पास म्हणाले की शेवटची बोली तोच हुकूम. कुठल्या बोलीचा काय अर्थ, हे दोघांनी आधी ठरवलेलं असतं, ती सिस्टिम. मीना म्हणाली, म्हणजे समोरचा काय म्हणतोय ते नीट ऐकायचं, एवढंच ना?
एवढंच म्हणे! अभ्यास उद्यापासून.

रविवार, २० सप्टेंबर
तीन पुस्तकांच्या झेरॉक्स मिळवल्या. फुलस्केपवर तुलनात्मक तक्ता आखला, लाल शाईने मार्क दिले.
आपण खेळतो ती नॅचरल. जे हातात तेच तोंडात. बदाम जास्त असतील तर बदाम म्हणा. प्रामाणिक पण बाळबोध. शंभरपैकी बावन्न. अकोल ही इंग्रजांची, बारा पॉइंटवरच 'एक नो ट्रम्प' (म्हणजे हुकूमच नाही) म्हणून मोकळे. शूर पण उतावीळ. एकसष्ट. प्रिसिजन मात्र वेगळीच चीज. सोळा किंवा जास्त पॉइंट असले की 'एक किलवर' म्हणायचं, मग हातात किलवरचं एक पान का नसेना. समोरच्याने त्यावर पास म्हणायचंच नाही. त्याच्याकडे काहीच नसेल तर त्याने 'एक चौकट' म्हणायचं. सगळंच कृत्रिम, म्हणून सुंदर. अठ्ठ्याहत्तर.
तिन्हींतलं चांगलं उचलून संध्याकाळपर्यंत स्वतःची सिस्टिम तयार केली. नाव आपल्या भागावरून, 'खांदेश्वर क्लब'. चौऱ्याण्णव. सहा मार्क विनय म्हणून कापले.

शनिवार, ३ ऑक्टोबर
ऑफिसात आठवडाभर लंच अवरमध्ये टाइप करत होतो. चौदा पानं, अडतीस नियम. आज भाईंना त्यांचा सेट दिला. सकाळी सातपासून कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळयांच्या दुकानात बसणारा माणूस, दमलेला दिसत होता. पानं उलटीसुलटी करून म्हणाले, "आत्ता खेळतो त्यात काय वाईट आहे?" मी तक्ता दाखवला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "बावन्न म्हणजे पासच की, भाऊ."
तरी पाठ करतो म्हणाले. मी म्हणालो म्हणून.

शनिवार, १० ऑक्टोबर
भाईंची तोंडी परीक्षा घेतली. अडतीसपैकी तेहतीस. पाच चुकल्याबद्दल थोडं बोललो, त्यांच्या भल्यासाठीच. रशिदाभाभींचा मीनाला फोन आला होता. गिऱ्हाइकाने बारा एमएमची सळई मागितली तर भाई म्हणाले, "बारा ते चौदा, नो ट्रम्प." दोघी बराच वेळ हसत होत्या.
मीनाने विचारलं, तुमची परीक्षा कोण घेणार? परीक्षकाला परीक्षा नसते.

रविवार, २५ ऑक्टोबर
वाशीच्या टूर्नामेंटला नाव दिलं. दोन रविवार, ८ आणि १५ नोव्हेंबर. बावीस जोड्या. पहिल्या तिनात येऊ, असं सोसायटीत सांगून टाकलं. ऑफिसातही. वॉचमनला सांगायला नको होतं, पण त्याने विचारलं.

रविवार, ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
पहिला दिवस पार पडला. बाविसात सतरावे. चित्र आशादायक. एका बोर्डात, म्हणजे डावात, किरकोळ गैरसमज झाला. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता आणि समोरच्या जोडीतली ईश्वरी नावाची इंजिनीअरिंगची मुलगी (वडलांबरोबर खेळते) सारखं पेनचं बटण दाबत होती. अशाने कोणाचंही लक्ष जाईल. भाईंनी आपली चूक मान्य केली. विषय संपला.

सोमवार, ९ नोव्हेंबर, लंच अवर
विषय संपला नाही. डबा तसाच आहे. ही वही कोणी वाचत नाही, तेव्हा झालं तसं लिहितो.
भाईंनी 'एक किलवर' म्हटलं. मी नियमाप्रमाणे टेबलावर टकटक केली, म्हणजे ही बोली कृत्रिम आहे, हवं तर अर्थ विचारा. ईश्वरीने विचारलं. मी दीड-दोन मिनिटं समजावलं. सोळाच्या वर पॉइंट, किलवरशी संबंध नाही, मला पास म्हणताच येत नाही, ही आमची स्वतःची सिस्टिम. 'पास म्हणताच येत नाही' हे बहुतेक दोनदा म्हणालो. ती पास म्हणाली. मग मी माझे पत्ते पाहिले. एक राणी, म्हणजे दोन पॉइंट, बाकी सगळा कचरा.
आणि मी म्हणालो, "पास."
कचरा हातात आला की पास, ही बत्तीस वर्षांची सवय. तोंडातून गेलं. ईश्वरीचे वडील लगेच पास म्हणाले, गालात हसत. भाईंकडे एकवीस पॉइंट आणि किलवरचं एकच पान. त्या एका पानावर त्यांना किलवर हुकूम घेऊन खेळावं लागलं. तीन हात कमी पडले. चार इस्पिक डोळे मिटून होत होते.
ईश्वरी म्हणाली, "पण काका, तुम्हीच आत्ता म्हणालात ना, पास चालत नाही?" मी म्हणालो, "त्याला अपवाद आहे. नियम नऊ क." ऑफिसात वर्षानुवर्षं असंच उत्तर देतो, तसंच आलं. नवव्या नियमात अ आणि ब एवढेच आहेत. क नाही.
इथे थांबायला हवं होतं. मी भाईंकडे वळून, सगळ्यांसमोर, म्हणालो, "नऊ क वाचलं नाहीत का? ते वाचलं असतंत तर किलवर म्हणाला नसतात."
भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पत्ते गोळा करत ईश्वरीच्या वडलांना म्हणाले, "चूक माझी. वाचायचं राहिलं."
परत येताना त्यांच्या मारुती व्हॅनमध्ये मी पंख्याबद्दल बोलत होतो. ते "हां, हां" करत होते. गेटशी सोडलं, म्हणाले, सावकाश उतरा.
निश्चय: आज आठ वाजता फोन करून माफी.

मंगळवार, १० नोव्हेंबर
फोन केला नाही. लाइन बिझी असणार असं वाटलं.
दुपारी एक विचार आला. नऊ (क) अस्तित्वात आलं तर मी खोटं बोललो असं उरतच नाही. आमच्या खात्यात शुद्धिपत्रकं निघतातच. लंच अवरमध्ये टाइप केलं: 'नऊ (क). एक किलवर या बोलीवर उत्तर देणाऱ्याकडे शून्य ते तीन पॉइंट असल्यास त्याने स्वविवेकाने पास म्हणावे.' खाली तारीख ३ ऑक्टोबर घातली.
संध्याकाळी स्वतः कळंबोलीला जाऊन दिलं. म्हणालो, तुमच्या सेटमध्ये हे पान लावायचं राहून गेलं होतं. भाईंनी हाताचा गंज पुसला, पान वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. "बरं झालं दिलंत," म्हणाले. चहा मागवला. मी पूर्ण कप प्यायलो.
प्रश्न मिटला. आता दोघांचीही चूक नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर
मन अगदी शांत आहे. जेवण जात नाही, पण ते उद्याच्या टूर्नामेंटमुळे. मीना म्हणाली, भाईंशी काही झालंय का? काही नाही म्हटलं. ती म्हणाली, मग तीन वेळा त्यांचं नाव काढून गप्प का बसलात? बायकांना कॉन्सन्ट्रेशन कळत नाही.

रविवार, १५ नोव्हेंबर
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
तिसऱ्या फेरीत ईश्वरी आणि तिचे वडील पुन्हा आमच्या टेबलावर आले. पत्ते उचलले तर माझ्याकडे चोवीस पॉइंट. चोवीस! वर्षातून एकदा येतो असा हात. मोठ्याने म्हणालो, "एक किलवर." मनात म्हटलं, आता बघा.
ईश्वरीच्या वडलांनी अर्थ विचारला. भाईंनी सांगितला, शांतपणे. सोळाच्या वर. माझ्याकडे पाच-सहा पॉइंट असले तरी मला बोलायलाच पायजे. पण तीनपर्यंत असले तर मी पास म्हणू शकतो.
मी ऐकत नव्हतो. पुढे काय म्हणायचं ते ठरवत होतो.
वडील पास. भाई म्हणाले, "पास." ईश्वरी पास.
मी ओरडलो. "पास? भाई, डोकं ठिकाणावर आहे का? एक किलवर म्हटलंय मी!" शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.
भाईंनी खिशातून घडी काढली, उलगडली आणि टेबलावर ठेवली. मग आपला हात उघडला. एक राजा. तीन पॉइंट.
ईश्वरीने पान वाचलं. तिच्या वडलांनी वाचलं. ती पोरगी पेनसुद्धा वाजवेना. निदान हसली तरी असती.
किलवर हुकूम, माझ्याकडे किलवरची दोन पानं. दोन हात कमी पडले. बदामाचा गेम सरळ होता.
बाविसात एकविसावे आलो. बाविसावी जोडी एकाला ताप आला म्हणून जेवणानंतर निघून गेली होती.
भाईंनी आजही व्हॅनने घरी सोडलं.

सोमवार, १६ नोव्हेंबर
माफी मागायची. पण (१) फोनवर बरं दिसत नाही, (२) दुकानात गिऱ्हाइकं असतात, (३) घरी भाभी असतील. शनिवारी पत्ते खेळायला येतीलच, तेव्हा बाजूला घेऊन सांगेन. हेच उत्तम.
वॉचमनने कितवे आलात विचारलं. निकाल यायचाय म्हणालो.

शनिवार, २१ नोव्हेंबर
भाई आले नाहीत. माल उतरवायचा आहे असा निरोप. तिघांत ब्रिज होत नाही. किसनराव बिस्किटं खाऊन गेले.
धीर करून फोन लावला. रशिदाभाभींनी उचलला. भाई नमाजला गेले होते. सुटलो असं वाटलं, लाज वाटली. भाभी म्हणाल्या, "भावजी, तुमची ती पानं रोज मीच समोर धरून बसायची. ते भाकरी खाता खाता म्हणायचे. आता मला पन येतात सगळे अडतीस."
अडतीस म्हणाल्या. मी बरं म्हणून ठेवून दिला.
मीनाला सगळं सांगितलं. वाटलं होतं बोलेल. ती म्हणाली, "जाऊन या." बस, एवढंच.

मंगळवार, २४ नोव्हेंबर
अर्धा दिवस रजा टाकून कळंबोलीला गेलो. भाई वजनकाट्यावर उभे होते, ट्रकचं वजन चाललं होतं. तिथेच, त्या गोंगाटात सांगितलं. नऊ क नव्हतंच. मी त्या मंगळवारी टाइप केलं. पास म्हणायची चूक माझी होती.
ते म्हणाले, "माहीत होतं."
कधीपासून, विचारलं.
"तिथंच, टेबलावर. मला अडतीसच्या अडतीस पाठ हायत, भाऊ. नऊला अ आनि ब."
मग चूक माझी असं का म्हणालात?
"चारचौघांत पार्टनरला खोटं पाडायचं?"
ट्रक पुढे गेला, दुसरा लागला. मी विचारलं, मग दुसऱ्या रविवारी पास का म्हणालात? पान खोटं आहे हे माहीत असून?
काट्यावरचा आकडा बघत ते म्हणाले, "तुमी लिहून दिलंत. पार्टनरनं लिहून दिलं की तसंच खेळायचं, त्यालाच सिस्टिम म्हनतात ना? मला वाटलं, तुमी ते पान परत मागाल. पाच दिवस खिशात घेऊन फिरत होतो. घरी ठेवलं आनि नेमकं तुमी मागितलंत तर, म्हनून."
सळया उतरवण्याचा आवाज चालू होता, ते बरं होतं.
निघताना म्हणाले, "शनिवारी येतो. पण थोडे दिवस समोर नको, भाऊ. बाजूला बसू."

शनिवार, २८ नोव्हेंबर
भाई आले. सगळ्यांना आदाब केला, मलाही. किसनरावांसमोर बसले. मी अभिरामसमोर, म्हणजे भाईंच्या डाव्या हाताला. सिस्टिम नॅचरल.
चौथ्या डावात किसनरावांनी लाल-लाल बघून बदामाची दोन पानं चौकटीत लावली आणि सात चौकटींपर्यंत चढवत गेले. हात पाच कमी पडले. असा अपघात मी जन्मात पाहिला नव्हता. मी वाट बघत होतो, आता भाई काय म्हणतात.
भाई हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. किसनरावही हसत सुटले. चहा घेऊन आलेली मीना काही न कळता हसली.
अकरा वर्षं मी या माणसाच्या समोर बसलो. त्यांना असं हसताना पाहिल्याचं आठवेना. पुढचे पत्ते वाटता वाटता अभिरामकडे वाकून हळूच विचारलं, भाई असे हसतात कधी?
अभिराम म्हणाला, "नेहमी. तुम्ही पाणी प्यायला आत गेलात की."