दोन पेले कॉफी

बनशंकरी, बंगळुरू
रविवार

ती. आईस,
शमिकाचा लांबूनच वाकून नमस्कार.

फोनवर तुला हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं.

आमच्या वृद्धाश्रमात सुपरवायझरची जागा निघालीय. शुक्रवारी माझा इंटरव्ह्यू आहे, म्हणून रोज खोलीत सराव करते. समोरच्या खुर्चीवर उशी ठेवायची, कडक आवाजात प्रश्न विचारायचा आणि मग माझ्या आवाजात उत्तर द्यायचं. हसू नकोस! "हाताखालची बाई गप्प गप्प राहायला लागली तर काय कराल?" "आधी तिला जवळ बसवून चहा देईन, मॅडम." हे उत्तर मला छान जमतं.

काल सराव चालू असतानाच दार वाजलं. खालच्या घरमालकीण अक्का दोन पेले कॉफी घेऊन उभ्या! बोलणं ऐकून त्यांना वाटलं, एकदाचं माझ्याकडे कुणीतरी आलंय. समोर उशी आहे हे सांगायची लाज वाटली. पेले दारातच घेतले आणि दोन्ही मीच प्यायले.

पेले परत द्यायला गेले, तर त्यांनी विचारलं, "कोण आलं होतं?" तोंडातून निघून गेलं, "आई." त्या रागावल्याच. "आईला न जेवता पाठवलंस?"

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात ना? एवढ्या लांबचा प्रवास तुला झेपायचा नाही, ठाऊक आहे मला. पण आलीसच कधी, तर पहिल्यांदा येतेयस असं अक्कांना सांगू नकोस.

तुझी,
शमू