तंबू जळतात तिथली बाई

प्रिय बारक्या,

मी फोन का उचलत नाही म्हणून तुझे मेसेजवर मेसेज येतायत. फोनवर बोलले तर तोंडाला येईल ते बोलेन, आणि आई शेजारच्याच खोलीत आहे. म्हणून लिहिते.

परवा तू नवा केलेला सिनेमा दाखवण्याआधी स्टेजवर काय बोललास रे! जुन्या वेस्टर्न सिनेमांत घोड्यावर गोरा नायक आणि बाकीचे सगळे गोळी खाऊन पडायला. टोळीच्या सरदाराची मुलगीसुद्धा गोरीच, वरून तपकिरी रंग फासलेली. पडद्यावर कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, यावर चांगल्या टाळ्या घेतल्यास. दुसऱ्या रांगेत आईनेही वाजवल्या. पोरगा जुने सिनेमे धुऊनपुसून नवे करतो, हे ती भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत असते.

तो तपकिरी रंग कुठून आला, ठाऊक आहे तुला? परवाच्या त्या सिनेमाचं शूटिंग आपल्या माळावर झालं तेव्हा आपल्या वस्तीतल्या बायकांना गर्दीसाठी नेलं होतं, एवढंच तुला माहीत. मेकअपवाला रोज सकाळी आईला स्टुलावर बसवायचा आणि तिच्या गालाशी डबी धरून सरदाराची मुलगी झालेल्या त्या गोऱ्या नटीचा रंग जुळवायचा. जुळला की आईची रवानगी मागच्या रांगेत. मान खाली, कॅमेऱ्याकडे पाठ, असा नियमच होता. तिचा रंग चालला, तोंड चाललं नाही! लिहितानाही अंगाची लाही लाही होतेय माझ्या.

तंबू जळतात त्या प्रसंगाला तिने तो नियम मोडला. वळली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. मुद्दाम. तंबू जळून खाक झालेले, पुन्हा कोण उभारणार? शॉट तसाच राहिला. अख्ख्या सिनेमात आपल्या वस्तीतला तेवढा एक चेहरा. हे तिने मलाही परवाच सांगितलं, थिएटरला निघताना. तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. तू त्या सिनेमावर काम करत होतास तेव्हा फोन वाजला की ती हातातलं टाकून धावायची. तुला ती आपणहून सापडेल, अशी आशा होती तिला.

आणि तू? खेळ संपल्यावर बाहेर कॉफी पीत मित्रांना हसत हसत सांगत होतास, की कुणाच्या हातातलं घड्याळ पुसलं, आकाशातलं विमान पुसलं आणि जळत्या तंबूंपाशी एक वेडी बाई कॅमेऱ्यात टक लावून बघत होती, तिलाही पुसून टाकलं. शहाण्या, एकेक फ्रेम मोठी करून बघतोस म्हणे! जन्मदातीला ओळखलं नाहीस? डोळे तेच आहेत रे, गाढवा! आणि समजा आपली आई नसती, तरी? तासाभरापूर्वी स्टेजवर गळा काढलास तो कुणासाठी? तिथेच तुझ्या मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली. पण आई बाथरूममधून येताना दिसली, म्हणून दातओठ खाऊन तिला घेऊन तिथून निघाले.

तिला यातलं काही माहीत नाही. तंबू पेटले तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता. प्रसंग सरला आणि तिने तो हळूच सोडला. आज सकाळी चष्मा पुसत म्हणाली, नेमकी तेव्हाच आपली पापणी लवली असणार. शनिवारच्या खेळाला पुन्हा नेशील का विचारतेय, या वेळी पहिल्या रांगेत. शनिवारच्या आत तिला होती तिथे परत आण. कसं, ते मला विचारू नकोस.

तुझीच, पण तोवर तुझ्याशी न बोलणारी,
ताई