दोन भाकऱ्यांचा एक गुण

१२ ऑगस्ट २००३, मंगळवार. स. ११.२०

वेळ मुद्दाम नोंदवते. संस्थेचा इंदिरानगरचा इंग्रजीचा वर्ग. नवे कोऑर्डिनेटर देवरे यांनी चाचणीचे पेपर वाटले. सुरगाण्याहून आलेल्या यमुनाच्या पेपरात 'आय एट टू भाकरीज' याखाली लाल रेघ, वर त्यांच्या अक्षरात 'टू ब्रेड्स'. गुण शून्य. नर्सिंगच्या तुकडीला वीस गुण हवेत. तिला एकोणीस.

ब्रेड मोजता येत नाही. स्लाइस मोजा, लोफ मोजा. हे मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तिसरीत पट्टी मारून शिकवलं. देवऱ्यांना पट्टीशिवाय सांगितलं. हसले.

"मॅडम, भाकरी इंग्लिशमध्ये नसते."

आणि ब्रेड सुरगाण्यात असतो?

१३ ऑगस्ट

पद्धत माझी, म्हणून देवऱ्यांचा राग माझ्यावर. मी ताटावरून व्याकरण शिकवते. भात मोजता येत नाही, भाकरी येते. चटणी नाही, मिरची येते. मुली चटकन शिकतात, ताट त्यांचंच असतं. यमुनाने विचारलं होतं, नागली मोजता येते का? म्हटलं, नाचणीचे दाणे मोज, घरची कामं उरकली असतील तर. सगळ्या हसल्या, पण चुकल्या नाहीत.

देवऱ्यांचं मत: उदाहरणं 'स्टँडर्ड' हवीत. पिझ्झा, बर्गर. म्हणजे सुरगाण्याच्या पोरीने आयुष्यात न पाहिलेल्या वस्तूचं अनेकवचन करायचं.

१६ ऑगस्ट, शनिवार

अध्यक्षांकडे गेले. बिस्किटं आली. "ताई, एका मार्कासाठी एवढं?"

एका मार्कासाठीच. तुकडीत नाव नाही तर वसतिगृहात जागा नाही. मग दिवाळीनंतर यमुना आईबापाबरोबर निफाडकडे, द्राक्षाच्या कामाला. हे त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, रिटायर झालात, आता जरा...

पुढचं ऐकलं नाही. उठून आले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सरावाची वही पाहिली. यमुनाचं अक्षर, स्वच्छ: आय एट टू ब्रेड्स.

हे काय, विचारलं. मान खाली.

"सरांना हेच चालतं, बाई. मला नर्स व्हायचंय."

"पेपरात तू बरोबर होतीस."

"माहितीये मला."

खोडायला पेन उचललं होतं. तसंच ठेवलं. तीस वर्षांत चूक दिसली आणि सोडली, असं पहिल्यांदाच. तिला बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? मीही शाळेत डबा अर्धाच उघडायचे. कुणी विचारलं तर चपाती म्हणायचे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अध्यक्षांना पत्र दिलं, पोच घेतली. यमुना म्हणाली, नाव घालू नका, सर डूख धरतील. हजेरी क्रमांक घातला. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवते, उद्या कुणी बदलला तर:

'टू ब्रेड्स' हेच बरोबर इंग्रजी आहे, असं संस्थेने सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं. तसं लिहिता येत नसेल तर क्रमांक चौदाचा गुण परत द्यावा. यादी सोमवारी पाच वाजता लागते. मला लेखी उत्तर सोमवार, २५ ऑगस्ट, दुपारी चारच्या आत हवं.